हॉलंडच्या खोक्यावरची सागवानी फळी

केदारीअप्पा बेळगावच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. त्यांनी ठोकलेली खोकी मात्र अकरा देशांत पोचली आहेत. गोकुळ रोडवरच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते पॅकिंगचे सुतार, आणि मी माल पाठवण्याची कागदपत्रं करणारा यशपाल. म्हणजे खोकं त्यांचं आणि सही माझी. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, म्हणून मला यशा म्हणतात आणि फोनवरचं माझं इंग्रजी ऐकून हसतात.

सात वर्षांपूर्वी हा कारखाना मरणपंथाला लागला होता. साखर कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या होत्या. आठवड्यात तीन दिवस काम आणि तीन दिवस चहा असं चाललं होतं. मग मालक मंजुनाथसरांना मस्कतची एक ऑर्डर मिळाली, तिच्या मागोमाग केनियाची, चिलीची. आज पस्तीस माणसं कामाला आहेत, समोरच्या मथुराअक्कांच्या खानावळीत दुपारी बसायला जागा मिळत नाही, आणि अप्पांची मुलगी सुकन्या फार्मसी शिकते आहे. परदेशी व्यापारानं देशाचं भलं कसं होतं यावर तासभर बोलणारे पुष्कळ भेटतील. अप्पांना दोन वाक्यं पुरतात. "त्यांच्याकडं तेल, आपल्याकडं व्हॉल्व्ह. त्यांनी सोडायचं, आपण बंद करायचं. दोघांचं बी भागतंय की."

त्यांचं वाकडं होतं ते फक्त खोक्यांसाठी येणाऱ्या पाइनच्या लाकडाशी. हे लाकूड न्यूझीलंडहून मंगळूर बंदरात उतरतं. आपल्याकडची कीड दुसऱ्यांच्या रानात जाऊ नये म्हणून ते भट्टीत तापवतात आणि फळीफळीवर कणसाच्या चित्राचा शिक्का मारतात. शिक्का नसलेली एक पट्टीसुद्धा बाहेरच्या देशात चालत नाही. अप्पांना हा स्वतःचा अपमान वाटे. चाळीस वर्षं सुतारकी केली, माझ्या फळीत कीड कुणी बघितली असेल तर समोर या, असं ते ज्याला त्याला ऐकवत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हॉलंडचं नवं गिऱ्हाईक मिळालं. पहिली खेप नीट पोचली तर दोन वर्षांचं काम, नाहीतर ज्यानं त्यानं आपल्या घरी. नेमकी शेवटच्या खोक्याचं झाकण ठोकताना पाइनची फळी गाठीजवळ तडकली. शिक्क्याची दुसरी फळी यायला दोन दिवस लागणार होते आणि ट्रक दारात उभा होता. आमच्याकडे कुणाच्या घरी डबा धाडायचा तर चेपलेला धाडत नाहीत, घरातला चांगला काढून देतात. अप्पांनी तेच केलं. उणकलला घरी जाऊन, पोरीच्या टेबलासाठी राखून ठेवलेली सागवानी फळी आणली, रंधा मारला, तेल लावलं आणि झाकणाच्या मधोमध बसवली. मी तपासायला गेलो. फळी इतकी देखणी होती की मी तिच्यावरून हात फिरवला, वा अप्पा म्हणालो आणि सर्व लाकडावर शिक्का आहे या ओळीखाली सही ठोकून मोकळा झालो. गाढवाला काय वेगळी शिंगं असतात?

पाच आठवड्यांनी तिकडच्या बंदरातून मेल आला. एका फळीवर शिक्का नव्हता म्हणून खेप अडवली होती. आठवड्याभरात ती सुटली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार होतं. मंजुनाथसरांनी आम्हा दोघांना बोलावलं. अप्पा धुतलेला शर्ट घालून आले आणि बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"चूक माझी हाय, सर. पोराला काय बोलू नका. उद्यापासनं मी येत न्हाई."

नोकरी जाईल या भीतीनं मी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिलो, हे सांगायला आजही लाज वाटते. अप्पा दारापर्यंत गेले तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "सर, तपासायचं काम माझं होतं. मी फळी बघितली, शिक्का बघितला नाही."

मंजुनाथसरांनी कन्नडमध्ये आम्हाला यथेच्छ झोडपलं. दम लागल्यावर म्हणाले की दोघंही गेलात तर हे निस्तरणार कोण. तिथल्या एजंटाला गाठून त्यांनी परवानगी मिळवली. ती फळी काढून जाळायची, तिच्या जागी तिथली शिक्क्याची बसवायची, आणि खर्च आमचा. अप्पांनी एवढंच विचारलं, "सागवान जाळणार?"

सहाव्या दिवशी माल सुटला. गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली, पण अट घातली की यापुढे प्रत्येक खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आधी पाठवायचे, शिक्के दिसतील असे. फोटो मी काढू लागलो. अप्पांनी पहिल्याच दिवशी केस विंचरले आणि मुलीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे खोक्याशेजारी उभे राहिले. बाजूला व्हा म्हटलं तरी हलेनात. खोकं कुणी ठोकलंय ते त्यांना कळू दे, असं त्यांचं म्हणणं. मी नाद सोडला. तेव्हापासून हॉलंडला शिक्क्यांबरोबर अप्पाही जाऊ लागले.

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. खोकी दुसऱ्या सुतारानं ठोकली, शिक्के सगळे जागच्या जागी, मी फोटो पाठवून दिले. दुपारी हॉलंडहून मेल आला. तो वाचून मी तसाच उणकलला गेलो. अप्पा कांबळं पांघरून पडले होते आणि त्यांची बायको दुर्गव्वा त्यांना पेज पाजत होती. मला अवेळी आलेला बघून अप्पांचा चेहरा उतरला. परत काय चुकलं, असं त्यांनी विचारलं.

"चुकलं काही नाही, अप्पा. ते विचारतात, फोटोतला माणूस कुठं गेला? त्यानं बघितल्याशिवाय खोकी पाठवू नका म्हणतात."

अप्पांचे डोळे भरले होते; तापानं तसं होतंय असं त्यांनी सांगितलं आणि मी मान्य केलं. मग पेजेची वाटी बाजूला सारून ते उठून बसले.

"लिव त्यांना, सोमवारी येतोय म्हणून. तवर ट्रक सोडू नको."