बदली कामगाराची बदली

१८ मे, रविवार. मालवणी मसाल्यासाठी मिरच्यांची देठं काढत बसले होते. एकटीला अर्धा किलो मिरच्या पुरतात, हात मात्र तेवढेच झोंबतात. त्यात बंगळुरूहून लेकीचा फोन. कोपराने स्पीकर लावला.

ती मोबाइलवरचे गेम बनवते. हा गेम परळ-लालबागच्या गिरण्यांवरचा. खेळणाऱ्याने पुढारी व्हायचं, संप चालवायचा. गिरणीकामगाराची मुलगी म्हणून तपासायचं काम माझ्याकडे. चार महिने दर रविवारी तिचा फोन येतो तो त्यासाठीच. एरवी दिवाळीला.

"खेळलीस शेवटपर्यंत?"

"खेळले. संप जिंकले."

"वा, पुढारीणबाई!"

"खरा कुठे जिंकला कोणी? बाबा नंतर भोईवाड्यात दारोदार अगरबत्त्या विकत होते."

"अगं, हरणंच ठरलेलं असेल तर खेळायचं कशाला? आणि जिंकू असं वाटलं म्हणूनच आजोबा संपावर गेले ना?"

मी दुसरी चूक काढली.

"बदली कामगारांना तू या गिरणीतून उचलून त्या गिरणीत टाकतेस. ते का?"

"बदलीच ना ती?"

"ही काय बँकेतली बदली आहे? बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. तुझे आजोबा सोळा वर्षं बदलीच होते."

ती म्हणाली, "तो अख्खा भाग परत करावा लागेल, आई. शुक्रवारी गेम बाहेर जातोय. कुणाला कळणार आहे? तू उद्यापर्यंत ओके म्हण, की मी मोकळी."

'मी मोकळी.' फोन ठेवल्यावर तेवढंच कानात राहिलं. ओके म्हटलं तर रविवार संपले. नाही म्हटलं तर रागावून संपतील.

हात धुऊन पुन्हा खेळून पाहिलं. पडद्यावरच्या माणसाला बोटाने उचललं, दुसऱ्या गिरणीत ठेवलं. तो लगेच कामाला लागला. बाबा भरलेला डबा घेऊन गेटवरून तसेच परत यायचे आणि आई तोच त्यांना ताटात वाढायची.

सकाळी उठल्याबरोबर मेसेज लिहिला. 'संप जिंकू दे, ती मोकळीक ठेव. बदली कामगाराला मात्र रोज गेटवर उभं कर आणि बरेचदा परत पाठव. त्याशिवाय माझं ओके नाही.' वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. फोन आला नाही. मी आंघोळीला गेले.