गायकवाडांच्या हँडब्रेकची शिकवणी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नायतर आमची मंडळी बाहेर येऊन हा किस्सा तिच्या पद्धतीनं सांगेल, आणि माझी उरलीसुरली इज्जतसुद्धा बशीत ओतेल.

सिडकोतली आमची गल्ली उताराची. वरच्या टोकाला कुणाच्या पिशवीतून लिंबू निसटलं, तर ते थांबतं थेट आमच्या फाटकाशी. आमच्याच वरच्या अंगाला मिलिंद गायकवाडांचं घर. वाळूजला कंपनीत कामाला, माणूस सोन्यासारखा. त्यांच्या आईचे गुडघे धरलेले, रिक्षात चढायचं म्हणजे म्हातारीला जिवावर यायचं. तिला व्यायामाच्या दवाखान्यात नेता यावं म्हणून गायकवाडांनी नवी कोरी गाडी घेतली. पेढे वाटले. सगळ्यात जास्त पेढे मीच खाल्ले, खोटं कशाला बोलू?

आणि एका सकाळी पाहतो तर ती गाडी माझ्या फाटकाला नाक लावून उभी. आत कुणी नाही.

आता लोक मला भोचक म्हणतात. मी म्हणतो, गल्लीकडं कुणीतरी लक्ष ठेवायला नको का? शहागंजात माझं कटलरीचं दुकान आहे, ते उघडतं दहाला. तोवर सकाळभर मी काय करायचं? मी गायकवाडांना हाक मारली.

"काय हो, हँडब्रेक ओढायचा विसरलात व्हय?"

"नाय हो काळे भाऊ, ओढला होता. चांगलं आठवतंय मला."

"सगळे असंच म्हणतात."

चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी फाटकाचा नवा रंग खरवडला. गायकवाड शोरूमला गेले. तिथला टाय लावलेला पोरगा म्हणाला, "सर, गाडीत काही नाही. तुमचा हात बसला नाहीये अजून." गायकवाड परत आले आणि त्या दिवसापासून चाकाखाली वीट ठेवायला लागले. नव्या कोऱ्या गाडीला वीट, म्हणजे नवरदेवाला कुबडी.

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी गल्लीभर सांगत सुटलो, "गाडी घ्यायला पैसे लागतात, चालवायला अक्कल लागते. जालन्याला आमच्या जावयाकडं हीच गाडी आहे, तिला कधी काय झालं नाय."

हे फिरत फिरत संगीता वहिनींच्या, म्हणजे गायकवाडांच्या बायकोच्या, कानावर गेलं. त्यांनी चावी काढून घेतली. "चालवता येत नसंल तर विकून टाका. माझ्या सासूला मी या गाडीत बसू देणार नाय." झालं. म्हातारी पुन्हा रिक्षात. तिला दोघांनी धरून वर चढवताना मी पाहिलं, आणि खरं सांगतो, पेढे पोटात टोचले.

म्हणून मी ठरवलं, या माणसाला हँडब्रेक शिकवायचा. आपल्या हातानं. एकदा का तो नीट ओढायला शिकला, की चावी परत, म्हातारी गाडीत, विषय संपला.

रविवारी सकाळी मी गायकवाडांच्या दारात हजर. वहिनींकडून तासाभराच्या बोलीवर चावी मागून घेतली. त्यांची मुलगी सुजाता कॉलेजात जाते. तिला म्हणालो, "बेटा, मोबाइल काढ, व्हिडिओ घे. आपल्या गल्लीच्या ग्रुपवर टाकू, बाकीच्यांनाही शिकायला मिळंल."

गायकवाड बिचारे म्हणाले, "काळे भाऊ, वीट तरी राहू द्या."

"वीट काढा. विटेनं सवय बिघडते."

वीट काढली. गाडीचं तोंड उताराला, खाली माझं फाटक, फाटकात माझी स्कूटर. मी आत बसलो, गिअर न्यूट्रलला टाकला, आणि कॅमेऱ्याला दिसेल असा हँडब्रेक ओढला. कट, कट, कट, पार वरपर्यंत. गाडी जागच्या जागी. मग ऐटीत उतरलो, दार लावलं, वरच्या बाजूला चार पावलं आलो, गाडीकडं पाठ केली आणि कॅमेऱ्याकडं बोट.

"बघा मंडळी. गायकवाड भाऊ म्हणतात गाडीत खोट आहे. गाडीत खोट नसती, खोट हातात असती. असा ब्रेक ओढला, की गाडी वेरूळच्या देवळातल्या नंदीसारखी बसली पाहिजे. हलायचं काम नाय."

"काका," सुजाता म्हणाली.

"मधे बोलू नको. तर नंदी कसा, दिवसरात्र एकाच जागी..."

"काका, नंदी निघाला."

मागून आवाज आला तो आधी फाटकाचा, मग स्कूटरचा. वळून पाहतो तर गाडी माझ्या अंगणात, स्कूटर गाडीखाली, आणि आमची मंडळी ओसरीवर हातात चहाचा कप धरून. ती शांतपणे म्हणाली, "अहो, पाहुणे आलेत."

गायकवाड धावत गेले, गाडीत वाकून पाहिलं. हँडब्रेक वरच्या वर, मी ओढला होता तसाच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं नुकसानीचं. "नाय हो," ते म्हणाले, "इतके दिवस मला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता."

सुजाता पोरगी हुशार. शोरूमवाला पुन्हा "हात बसला नाही" म्हणाला, तेव्हा तिनं वाद घातला नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि गाड्यांच्या खोटींसाठी सरकारचं जे पोर्टल आहे, त्यावर व्हिडिओसकट सगळं टाकलं. मी म्हणालो, "एवढ्याशा गल्लीतलं दिल्लीत कोण वाचणार?" ती म्हणाली, "काका, एकट्याचं नाय वाचत कुणी. पण त्याच गाडीच्या बऱ्याच तक्रारी जमल्या, की चौकशी लागते."

आणि जमल्या की हो. ठिकठिकाणच्या लोकांच्या गाड्या रात्रीतून फिरायला जात होत्या, आणि प्रत्येकाला शोरूमनं हाताचीच खोट सांगितली होती. चौकशी लागली. तपासणीचे साहेब आमच्या गल्लीतही आले. त्यांनी गाडी पाहिली, व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मला विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"व्हय साहेब. चुकलंच माझं."

"चुकलं काय, याच्याइतका पक्का साक्षीदार मिळत नाही. ब्रेक ओढलेला दिसतोय, आवाज येतोय, आणि बोलणारा माणूस सगळा वेळ तक्रारदाराच्याच विरोधात बोलतोय. शिकवलेला साक्षीदार म्हणून कुणी बोटही दाखवू शकणार नाही."

ब्रेकच्या आतला दाता काही वेळ पकड धरायचा आणि मग आपोआप सुटायचा, असं निघालं. कंपनीला त्या लॉटच्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भाग नवा, पैसा एक नाही. वर माझी स्कूटर आणि फाटकसुद्धा भरून मिळालं.

गायकवाडांची गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी अख्खी गल्ली जमली. उतारावर उभी केली, विटेशिवाय. पाच मिनिटं झाली. गाडी हलली नाही. मग संगीता वहिनींनी स्वतः दार उघडलं आणि सासूला पुढच्या सीटवर बसवलं. म्हातारीनं काच खाली करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद. ती म्हणाली, "बाबा, तू जरा लांब उभा राह्य."

तरी माझी छाती फुगलेलीच. संध्याकाळी जालन्याहून जावयांचा फोन आला.

"मामा, आमची पण गाडी बोलावली होती. ब्रेक बदलून दिला."

त्यांच्या दारापुढं उतार आहे, आणि माझा नातू दिवसभर तिथंच खेळतो. हीच गाडी, जिला 'कधी काय झालं नाय'. मी फोन कानाला धरूनच देवघराकडं वळून हात जोडले.

"मामा, ऐकताय ना? तिथल्या मेकॅनिकनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सगळीकडं फिरतोय म्हणे. म्हणाला, या काकांचे उपकार माना, यांच्यामुळं ही खोट सापडली."

मी सावरून बसलो. "मग तुम्ही सांगितलं का नाय, की हे आमचे सासरे आहेत?"

जावई तिकडं खाकरले.

"मी विचारलं, कुठले आहेत हे काका? तो म्हणाला, संभाजीनगरचे. मी म्हणालो, असतील. तिकडं असे लई आहेत."