नागोरावाच्या कपाळावरचं आवाळू

ढाणकीच्या बाजारात नागोरावाच्या आधी त्याचं आवाळू पोचायचं. उजव्या भुवईच्या वर, चांगलं लिंबाएवढं. टोपीसुद्धा त्याला वळसा घालून बसायची. नागोराव हमाल. वर्षभर ‘आवाळ्या’ म्हणून हाका खायचा आणि दिवाळीनंतर कापसाची पहिली गाडी आली, की एका सकाळपुरता देव व्हायचा. देवीलाल अडत्या त्याला गाडीतल्या कापसावर बसवी, आवाळूला कुंकू लावी, पुढ्यात नारळ फोडी. “लक्ष्मी आहे ही, लक्ष्मी!” नागोराव डोळे मिटून बसे. नारळाचं पाणी वाळायच्या आत तोच देवीलाल ओरडे, “आवाळ्या, उतर आता, गाडी खाली कर!”

सन साठ-एकसष्टच्या सुमाराला त्याच्या पोरीला, नलूला पाहायला पैनगंगेकडचे पाहुणे आले. मुलाचे वडील बाबाराव पोहे खाताना नलूकडे कमी आणि नागोरावाच्या कपाळाकडे जास्त बघत होते.

“पोरगी चांगली हाय,” ते शेवटी म्हणाले. “पण उद्या नातवाच्या कपाळावर हे उगवलं तं?”

“काढून टाकतो ना,” नागोराव म्हणाला. “मंग तं जमते?”

“काढा तं खरं. मंग पाहू.”

तेवढ्या ‘मंग पाहू’च्या जोरावर गडी एस्टीत बसला आणि यवतमाळचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आवाळू दाबून पाहिलं.

“दुखतं?”

“नाही जी.”

“बघ, मऊ आहे, बोटाखाली सरकतंय. चरबीची गाठ आहे ही. जन्मभर ठेवलीस तरी तुला काही करणार नाही. कशाला कापून घेतोस?”

“मले काई नाही करत साहेब. पोरीले करते.”

डॉक्टरांनी सुई भरली. जागा बधिर केली, चीर दिली, आणि सोललेला लसूण निघावा तशी पिवळी गाठ अख्खी बाहेर आली. नागोरावानं ती मागून घेऊन पाहिली. “बस, एवढीच?” म्हणाला.

घरी नलूनं बापाची टोपी धुऊन ठेवली होती. आज टोपी पहिल्यांदाच सरळ बसली. ती तशी घालून तो बाजारात आला, तर देवीलालच्या हातातलं पान खाली पडलं.

“कोणाले इचारून कापलं बे?”

“कपाळ माझंच व्हतं, शेठ.”

“कपाळ तुझं, आवाळू बाजाराचं!”

त्या साली कापसाचा भाव पडला. तो मुंबईत पडला, परदेशात पडला, कुठंही पडला असेल. ढाणकीत मात्र तो नागोरावाच्या कपाळावरूनच घसरला. पोतं उचलायला गेला, की लोक म्हणत, “राहू दे, दुसरा गडी हाय.” तरी नागोराव हसून बाजूला होई. त्याचा डोळा पैनगंगेकडे लागलेला.

बाबाराव आले. जखमेचा वण त्यांनी वाकून पाहिला.

“साफ निघालं म्हणा. पण घरची लक्ष्मी कापून फेकणाऱ्याची पोरगी कायले करता, म्हणते आमच्याकडं सारे.”

“तुमीच तं काढा म्हणले व्हते!”

“‘मंग पाहू’ बी म्हणलो व्हतो. पाह्यलं.” चहा मात्र त्यांनी बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला.

पुढच्या दिवाळीनंतर पहिली गाडी आली, तेव्हा कापसावर दुसरा एक हमाल, लखीराम, बसला होता. त्याच्या नाकावर हरभऱ्याएवढी चामखीळ होती. देवीलालनं तिच्यावर कुंकू लावलं. ते मावेना म्हणून उरलेलं गालाला पुसलं. कडेला नलू बापाची भाकर घेऊन उभी होती. सासरी भाकरी थापायच्या वयाची पोर, बापाच्याच भाकरी पोचवत होती.

“आवाळ्या, हो पुढं! गाडी खाली कर!” देवीलाल ओरडला.

नवा गाडीवान नागोरावाच्या सपाट कपाळाकडे बघून म्हणाला, “काहून हो, यायले आवाळ्या काहून म्हणता?”

नागोरावानं सरळ बसलेली टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली आणि पाठ वाकवून पोत्याखाली घातली.