चार खिडक्या आणि सानगडीचे गुरुजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी काही लाजत-बिजत सांगणार नाही. घोळ घातला, भर गावात घातला, आणि तोही लेखी. पण ज्यासाठी घातला ते बरोबरच होतं असं माझं आजही म्हणणं आहे. चहा घ्या, थंड होईल.

तर, दिल्लीला पाच वर्षं शिकून मी, प्रज्वल, गावी परत आलो. आमचं गाव पवनी तालुक्यातलं. ग्रामपंचायतीच्या मागे एक खोली आहे, पक्क्या छताची, दोन खिडक्यांची. तिला वर्षभर कुलूप! आत काय? तर आमच्या दंडार मंडळाच्या पाच पेट्या. मुकुट, लाकडी तलवारी, जरीच्या साड्या, एक फाटकी दाढी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा रात्रभर दंडारीचं नाटक रंगतं, म्हणून हे सामान. मंडळाचे प्रमुख यादोरावकाका. वर्षातून एकदा कुलूप काढणार आणि वर्षभर किल्ली कमरेला लावून फिरणार.

आणि आमच्या शेजारची रोशनी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कुठे करायची? एसटीच्या थांब्यावर! घरात एकच खोली, टीव्ही चालू, पाहुण्यांचा राबता. बिचारी थांब्यावर पुस्तक उघडून बसायची आणि प्रत्येक बसचा कंडक्टर विचारायचा, "पोरी, बसतं का निघू?"

मला हे सहन होईना. खोली अभ्यासिकेला मिळालीच पाहिजे! आठ दिवसांनी ग्रामसभा होती, त्यात निकाल लागणार होता. पंचायतीनं इंटरनेटवर सूचनापेटी उघडली होती. ईमेल टाकायचा, खातं काढायचं, मत लिहायचं. पंचायतीतले ऑपरेटर विलासभाऊ ते मंजूर करणार, मग ते सगळ्यांना दिसणार आणि सभेत वाचलं जाणार.

मी पाहिलं, तर "खोली मंडळाचीच" असं लिहिणारे बावीस. अभ्यासिकेच्या बाजूनं एक. तो एक म्हणजे मी.

मी घरोघर फिरलो. सगळे म्हणायचे, "हाव बापू, बराबर बोलून राहिला तू."

"मग लिहा ना काका तसं!"

"आमी कायले लिहाव? तूच लिही ना. शिकून आला ना तू?"

आता सांगा, यात माझी काय चूक? जनतेनं मला अधिकार दिला होता! मी फक्त जनतेचा आवाज लिहून काढणार होतो. जनतेची नावं तेवढी नवी ठेवणार होतो.

अडचण एकच. त्या सूचनापेटीत एका वेळी एकच खातं उघडायचं. पण मी काय साधासुधा माणूस होतो? मला ब्राउझरची खासगी खिडकी माहीत होती! तिच्यात काही साठत नाही, मागे काही उरत नाही. मग मी लॅपटॉपवर एक सोडून चार खासगी खिडक्या उघडल्या.

पहिलीत सानगडीचे निवृत्त गुरुजी, वय एकाहत्तर. दुसरीत दोन मुलींची आई. तिसरीत आंधळगावचा धान पिकवणारा शेतकरी. आंधळगावच्या माणसाला आमच्या गावच्या खोलीचं काय पडलंय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. चौथीत मी स्वतः, सगळ्यांचे आभार मानायला. सभ्यता म्हणून काही असते की नाही?

आधी चारही खिडक्यांत लॉगिन केलं आणि मग लिहायला बसलो. काय लिहिलं म्हणता! गुरुजींच्या खिडकीत लिहिलं, "माझे गुडघे दुखतात, पण प्रज्वलसारखा तरुण पाहिला की पुन्हा चालावंसं वाटतं." आईच्या खिडकीत, "मी दोन मुलींची आई. माझ्या लेकी उपाशी झोपल्या तरी चालेल, पण अभ्यासिका हवी. प्रज्वलभाऊ, तुम्ही देवासारखे धावून आलात." शेतकऱ्याच्या खिडकीत, "चिखलात उभा राहून सांगतो, खोली पोरींना द्या." आणि शेवटी माझ्या खिडकीत, "धन्यवाद काकू! गुरुजी, गुडघ्यांची काळजी घ्या!"

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं हो. माझ्याच.

आता ऐका. मला जे माहीत नव्हतं ते असं, की त्या चार खिडक्या बाहेरून चार असल्या तरी आतून घर एकच असतं. शेवटी ज्या नावानं आत शिरलात, तेच नाव चारही खिडक्यांना लागतं. पान नव्यानं उघडेपर्यंत वर जुनंच नाव दिसत राहतं, म्हणून कळतही नाही. आणि शेवटी आत कोण शिरलं होतं?

मी!

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पानठेल्यावर गेलो, तर ठेलेवाला म्हणाला, "या काकू! पोरी जेवल्या का?"

मला वाटलं, मागे कोणी बाई उभी असेल. वळून पाहिलं. कोणी नाही.

बाकावरून दुसरा म्हणाला, "अबे, बसू दे त्याले. गुडघे दुखून राहिले त्याचे."

"आणि पाय धू म्हणा आधी. चिखलातून येऊन राहिला!"

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! घरी आलो तर आई उंबऱ्यावर बसलेली, पदर डोळ्याला. शेजारणीनं तिला सूचनापेटीतलं अर्धंच वाचून दाखवलं होतं.

"प्रज्वल, खरं सांग. तुले दोन पोरी कवा झाल्या रे?"

"काय?"

"दिल्लीले लगन केलं, आमाले सांगतलं नाही. बरं, नसल सांगतलं. पण त्यायले उपाशी काहून झोपवून राहिला तू? इकडं घेऊन ये ना त्यायले!"

बाबा आतून म्हणाले, "नावं काय आहेत पोरींची?"

मी धावत जाऊन सूचनापेटी उघडली. एकाखाली एक चार नवी मतं. चारही माझ्या नावानं. माझ्या फोटोसकट! फोटोत मी कॉलेजचा काळा डगला घालून हसतोय आणि शेजारी लिहिलंय, "मी दोन मुलींची आई."

विलासभाऊंना फोन केला. "भाऊ, हे मंजूर कसं केलं तुम्ही?"

"आता मले वाटलं तुमच्या दिल्लीले असंच लिहितात."

"काढून टाका ना!"

"छापून ठेवलं ना मी. सरपंचबाईच्या फाइलीत गेलं."

ग्रामसभेला कधी नव्हे अशी गर्दी झाली, की सतरंज्या पुरेनात. विलासभाऊंनी मतं वाचली. दोन मुलींच्या आईचं मत तर त्यांनी बारीक आवाज काढून वाचलं. हशा काही थांबेना. मला फक्त एकच दिसत होतं, मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेली रोशनी. माझ्यामुळे खोली गेली असती तर तिची थांब्यावरची जागा कायमची पक्की झाली असती.

मी उठलो. "हो, चारही मीच! गुरुजी मी, आई मी, शेतकरी मी. नावं खोटी होती, म्हणणं खोटं नव्हतं. हसा किती हसायचं ते, पण पोरी थांब्यावर बसतात यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा!"

यादोरावकाका उभे राहिले. मला वाटलं, आता गेलो.

काका म्हणाले, "म्हातारा म्हाताऱ्यावाणी वाटते. बाई बाईवाणी वाटते. एकल्या पोट्ट्यानं चार पार्ट काढले ना गा! आन आपला बाईचा पार्ट करणारा तर नागपूरले कामाले गेला. काय रे प्रज्वल, मंडईले आईचा पार्ट करतं का? करत असशील तर देतो खोली."

आमच्याकडे दंडारीत बाईचं काम पुरुषच करतात, हे मी दिल्लीत अभिमानानं सांगायचो. तेव्हा बाई मी नव्हतो.

"काका, पार्ट करीन, पण माझ्या मर्जीनं. खोली अटीवर नको. ती पोरींच्या हक्काची आहे!"

"अबे, हक्काची आहे, तं पोरी काहून नाही बोलत? तूच बोलून राहिला चार-चार तोंडानं!"

उत्तर मागच्या रांगेतून आलं. रोशनी उठली होती.

"मले कोणी इचारलंच नाही काका. यानंबी नाही इचारलं. तुमच्या पेट्या भिंतीशी लावा, राहू द्या तिथंच. मले एक बाक पुरते. बसचा धूर खाऊन मी परीक्षा देणार नाही."

बस्स. एवढंच. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले आणि पहिला हात यादोरावकाकांचा! किल्ली कमरेची काढून त्यांनी रोशनीच्या हातात दिली. माझ्या चार खिडक्यांना आठ दिवसांत जे जमलं नाही ते त्या पोरीनं उभ्या उभ्या केलं. आणि मी? मी सगळ्यांना विचारत गावभर फिरलो होतो, तिला सोडून!

शब्द दिला होता, म्हणून मंडईला साडी नेसलो. जरीची, मुकुटाच्या पेटीतली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. आईचा पार्ट केला, आणि ठासून केला. माझी खरी आई पहिल्या रांगेत बसून रडली. दिल्लीत दोन नाती नाहीत याचं दुःख तिला अजून आहे, ती गोष्ट वेगळी.

अभ्यासिका चालू आहे. पेट्यांवर सतरंजी टाकून पोरी बसतात. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा, मी पुन्हा भांडेन.

फक्त एक सल आहे. दंडारीच्या दुसऱ्या दिवशी सूचनापेटीत एक मत आलं, "प्रज्वल यांनी आईचं काम अप्रतिम केलं. डोळ्यांत पाणी आलं." लिहिणारे कोण? सानगडीचे एक निवृत्त गुरुजी! खरेखुरे! जिवंत! पाहुणे म्हणून मंडईला आले होते, मला भेटूनही गेले होते!

शपथ घेऊन सांगितलं, आई-बाबांनाही पटलं नाही. विलासभाऊंनी तर ते मत मंजूरच केलं नाही. वर मलाच फोन करून ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "गुरुजी, आता तरी बस करा!"