आखूड नळी

ह्यांच्या बायपासच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक बाई आली. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात, तेव्हा हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं मशीन ती चालवायची. ह्यांचं वजन-उंची विचारता विचारता तिने ह्यांच्या उघड्या पावलांवर चादर ओढली.

"मशीन नया है, छोटा वाला," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मेरे पति से उद्घाटन करोगे क्या?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. ओढणीने चष्मा पुसत म्हणाली, नळ्या आखूड आहेत, त्यांत भरायला सलाइन कमी लागतं, म्हणून ह्यांचं रक्त कमी पातळ होईल. मग म्हणाली, "पुराने में नली लंबी थी, मैं दूर बैठती थी. अब बिल्कुल पास बैठना पड़ता है."

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरबाहेर बसले होते, तर स्तोत्र आठवेना. डोळ्यांपुढे फक्त ह्यांच्याशेजारी बसलेली ती.

दुपारी सर्जनमागून ती बाहेर आली. कपाळावर टोपीचा वळ होता. माझ्याकडे बघून तिने तळहात गालाला लावला, झोपलेत म्हणून, आणि कँटीनकडे गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता घरी, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, हे दुपारी जरा पडतात. पूर्वी मी खिडकीपाशी मेथी निवडायची. आता खुर्ची पलंगाला चिकटवून बसते.

"एवढ्या जवळ कशाला?" हे कुरकुरतात.

मी म्हणते, "नळी आखूड आहे."