वीस तासांत विझणारा दिवा

ताईचं आणि माझं एक भांडण गेली पस्तीस वर्षं मिटलेलं नाही. ‘सात दिवे’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग चांगला की तिसरा? मी तिसऱ्याच्या बाजूचा. ताई म्हणते, तिसऱ्यात त्यांनी आयता नकाशा दिला आणि सगळी मजा घालवली. दुसऱ्या भागात सात बेटांवरचे सात दिवे पेटवायचे आणि वाट आपली आपण शोधायची. ताईनं तो नकाशा शाळेच्या वहीत मागच्या पानांवर काढला होता, पेन्सिलीनं, खडकांसकट. मी तो चोरून बघायचो आणि सापडलो की मार खायचो.

आज ती बावन्न वर्षांची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माझं चष्म्याचं दुकान समोरच्याच रस्त्यावर. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन दुकानात येते आणि पोळीच्या पहिल्या घासाबरोबर गेमवाल्या कंपन्यांचा उद्धार सुरू होतो.

“पूर्वी गेम घरी आणला की तो आपला. आता डबी उघडली तर आत काय? एक चिठ्ठी. चिठ्ठीवरचे आकडे टाका, मग अर्ध्या दिवसानं खेळा. आणि त्यांनी तिकडे सर्व्हर बंद केला की डबीत पेन्सिली ठेवा.”

कधी म्हणायची, “अर्धं कच्चं मडकं विकतात. पाणी आपण भरायचं आणि कुठं गळतं ते त्यांना आपणच कळवायचं.” पैसे भरून नशिबाच्या पेट्या उघडायला लावणाऱ्या गेमना तर ती गेम म्हणतच नाही, सोडत म्हणते.

जुनं ते सगळं सोनं, असंही तिचं नाही. पहिल्या भागातला सहावा दिवा ज्यानं रचला त्याला ती अजून शिव्या घालते. चौथा भाग तर तिच्या लेखी झालाच नाही.

ही सगळी मतं ती गेम खेळणाऱ्यांच्या एका मंचावर ‘काजळी’ या नावानं लिहिते. तिथं सगळे तिला ‘काजळी भाऊ’ म्हणतात. तिनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. “भाऊ समजतात तोवर नीट वाद घालतात,” म्हणते.

तिची मुलगी, माझी भाची, तीही गेमच्याच जगात, पण बनवणाऱ्यांच्या बाजूला. ताईनं तिला एकटीनं वाढवलं. दोन वर्षांपूर्वी ती दूरच्या शहरात नोकरीला लागली. मोठ्या कंपन्यांना गेमचे तुकडे बनवून देणारी कंपनी. कुठल्या गेमचा कुठला तुकडा, हे घरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून तिनं सही करून दिली होती. ताईला त्या गुप्ततेचाही अभिमान होता.

गेल्या वर्षी ‘सात दिवे’ परत आला. वीस वर्षांनी, आणि फोनवर. पहिले चार दिवस ताई हवेत होती. तोच समुद्र, तेच संगीत. नवीन एवढंच, की आता तुमचा स्वतःचा एक दिवा असतो आणि तो राखणारा एक म्हातारा. दर वीस तासांत येऊन दिव्यात तेल घालायचं. नाही घातलं तर दिवा विझतो आणि एक जहाज बुडतं. त्याआधी तासभर म्हाताऱ्याचा निरोप फोनवर येतो: “तू येशील ना? मी दाराशीच आहे.”

दोन आठवड्यांत ताईचं जेवणातलं लक्ष उडालं. घास हातात धरून ती घड्याळ बघायची. एकदा बोलता बोलता उठली आणि काउंटरच्या मागे जाऊन फोनवर तेल घालून आली. मी हसलो.

“हसतोस काय?” ती म्हणाली. “मला कळतंय रे हे काय आहे. चांगलं कळतंय. तरी तो निरोप आला की छातीत काहीतरी धरल्यासारखं होतं. मला राग त्याचा येतो.”

“मग काढून टाक ना.”

“म्हाताऱ्याला?” ती एवढं पटकन म्हणाली, की स्वतःच दचकली.

मग तो गुडघा झाला. एक वयस्कर गृहस्थ डाव्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला आले होते. ताईच्या शिशाच्या एप्रनखाली, खिशात, फोन थरथरला. निरोपाची वेळ झाली होती. ताईनं त्यांचा उजवा पाय सरळ केला, फोटोत उमटणारी खूण मात्र त्याच्याजवळ डाव्याची ठेवली आणि काचेमागे जाऊन बटणावर बोट ठेवलं. गृहस्थच म्हणाले, “मॅडम, दुखतोय हा दुसरा.”

काहीच बिघडलं नाही. पण अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून डावं-उजवं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ती डबा न उघडता माझ्यासमोर बसून राहिली. “त्यांनी तोंड उघडलं नसतं तर?” हे तिनं तीन वेळा म्हटलं.

संध्याकाळी तिनं मंचावर लिहिलं. लांबलचक नेहमीच लिहायची, पण हे वेगळं होतं. जुना गेम बंद केला की त्यातला समुद्र आपली वाट बघत थांबायचा, आता तो आपल्या मागे लागतो, असं तिनं लिहिलं. गुडघ्याचं लिहिलं, हॉस्पिटलचं नाव न घेता. आणि शेवटी: “म्हाताऱ्याच्या तोंडी ते वाक्य ज्यानं घातलं, त्याला एकच विचारायचंय. तुझी वाट बघत दाराशी कधी कुणी बसलं होतं का?”

ते लिखाण वणव्यासारखं पसरलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पुतण्यानं मला ते पाठवलं, काजळी कोण हे त्याला माहीतही नव्हतं. चौथ्या दिवशी भर दुपारी भाचीचा फोन आला. मी एका बाईंच्या चष्म्याची काच घासत होतो.

“मामा, काजळी म्हणजे आई ना?”

“हो. का गं?”

“मामा, ते वाक्य मी लिहिलंय.”

काच माझ्या हातून निसटली. बाईंना मी काय सांगितलं ते आठवत नाही.

“ते वीस तासही आमच्याच टीमचे,” ती सांगत होती. “आज मीटिंगमध्ये साहेबांनी आईचं लिखाण पडद्यावर लावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ते हसले. म्हणाले, बघा, एक्स-रे काढता काढता माणूस आपल्या दिव्याची काळजी करतोय. यालाच म्हणतात काम जमणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामा.”

“आणि तू?”

“मीही वाजवल्या.”

शनिवारी ती येणार होती. तोवर ताईला काही सांगू नकोस, मीच सांगते, म्हणाली. ते तीन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. ताई रोज जेवायला यायची आणि मी तिच्या डब्याकडे बघत बसायचो. नको नको ते विचार यायचे. ताईनं पोरीला दारातूनच परत पाठवलं तर? पोरीनं नोकरी सोडली तर? आणि समजा दोघी काहीच बोलल्या नाहीत, नुसतं चहा-पाणी झालं, तर ते मला सर्वांत भयंकर वाटत होतं.

शनिवारी मी दुकान लवकर बंद करून गेलो. भाची वाळली होती. नखं पार कुरतडलेली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्याउभ्या, एका दमात, टाळ्यांसकट.

ताईनं विचारलं, “वीसच का? चोवीस का नाही?”

हा प्रश्न येईल असं आम्हां दोघांनाही वाटलं नव्हतं. भाची चाचरली. “चोवीस ठेवले तर माणूस रोज ठरावीक वेळेला येतो. सवय होऊन जाते, मग काळजी राहत नाही. वीस ठेवले की वेळ रोज मागे सरकते. कधी जेवणात, कधी...”

“कधी कामात.”

“हो.”

“आणि वाक्य कुठून आणलंस?”

भाची रडायला लागली. “तुला खरंच आठवत नाही, आई?”

मला आठवलं. भाची सहा-सात वर्षांची असताना ताईची ड्यूटी लांबली की ती शेजारणीच्या घरून एक्स-रे विभागात फोन लावायची. ताई मला कौतुकानं सांगायची, विभागातले सगळे त्या फोनला हसतात म्हणून. पोर एवढंच विचारायची: “तू येशील ना? मी दाराशीच आहे.”

ताईचा चेहरा पांढरा पडला. छातीत काय धरल्यासारखं होत होतं, ते तिला तेव्हा कळलं असावं.

“साहेब म्हणाले होते, ज्यानं माणूस हातातलं काम टाकून उठतो असं वाक्य आणा,” भाची म्हणाली. “मला दुसरं माहीतच नव्हतं. तू दर वेळी यायचीस, आई. धावत यायचीस.”

ताईनं तिला जवळ घेतलं नाही. उठून आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला. मी भाचीच्या पाठीवर हात ठेवून बसलो. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता.

“हे कसं काढून टाकायचं ते दाखव.”

“तुला येतं की.”

“येतं. पण तू बस इथं.”

दोघी सोफ्यावर बसल्या. ताईचा अंगठा पडद्यावर दोनदा गेला आणि दोनदा मागे आला. तिसऱ्या वेळी तिनं दाबलं. मग ती पंधरा मिनिटं हाताची घडी घालून बसून राहिली.

सोमवारी भाचीनं मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, की पडद्यावरचा तो काजळी म्हणजे माझी आई आहे आणि गुडघा खरा आहे. तिथं टाळ्या नव्हत्या. साहेबांनी बाहेर बोलावून विचारलं, घरी काय काय सांगितलंस? सहीचा कागद काढून दाखवला. तीन आठवडे तिची चौकशी चालली. ते तीन आठवडे ताईला झोप नव्हती. लिखाण काढून टाकू का, असं तिनं पोरीला दोनदा विचारलं. भाची म्हणाली, “त्याला हात लावू नकोस.” शेवटी त्यांनी तिला ठेवून घेतलं, पण त्या टीममधून हलवलं. म्हाताऱ्याचं वाक्य दोन महिन्यांनी बदललं. आता तो म्हणतो, “दिव्यात तेल कमी आहे.” वीस तास मात्र वीसच राहिले.

ताई मंचावर अजून लिहिते. काजळी भाऊंची धार थोडी बदललीय, असं तिथले लोक म्हणतात. कंपन्यांना झोडपते, पण बनवणाऱ्यांबद्दल लिहिताना थांबते, खोडते, पुन्हा लिहिते.

परवा ती नंबर तपासून घ्यायला आली होती. मी भिंगं बदलत होतो, ती समोरची अक्षरं वाचत होती. मध्येच थांबली.

“ती सोडेल का रे ती नोकरी?”

“काय सांगावं.”

“सोडली तर काय करेल? आणि नाही सोडली, तर आणखी काय काय लिहायला लावतील तिला?”

मी पुढचं भिंग लावलं आणि विचारलं, आता कसं दिसतंय. ती म्हणाली, “थांब जरा,” आणि डोळे पुसायला लागली.