शिशाचा पाय

थकलो की मला अजून पनवेलच्या खाडीचा चिखल आठवतो.

मुंबईच्या एका वकिलाने शर्यतीच्या बोटीचे नकाशे आणले, तेव्हा ट्रक वाढले होते आणि मिठाचे मचवे कमी झाले होते. बाबा मचवे बांधणारे सुतार. वर्षभर हाताला नवं काम नव्हतं, ही बोट बिघडली तर पुढे कोणी विचारणार नव्हतं. नकाशा वाचता येणारा मी एकटा, त्यामुळे सगळं शहाणपण माझ्याकडेच आलं.

मचव्याचा तळ पसरट. तो ओहोटीला चिखलात निवांत बसतो, आणि तोलासाठी पोटात दगड घेतो. ही बोट अरुंद, शीड उंच तिकोनी, आणि वजन तळाखाली बोल्टने जखडलेल्या शिशाच्या पायात. म्हणून शीड कितीही उंच केलं तरी ती उलटत नाही म्हणे. मी भारावून गेलो होतो.

बाबा म्हणाले, "पाय मुंबयला खोल पान्यात लाव. आपली खाडी इला भायेर सोडनार नाय."

"नकाशात शिसं आधी लावायचं हाय," मी म्हणालो. "उधानाला निघंल."

नवी विटी, नवं राज्य, एवढंच ते आईला म्हणाले.

बोट पुरी झाली, मी पाय जखडून घेतला. अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. बोट शंभरेक हात गेली आणि पाय गाळात रुतला. पाणी ओसरलं तशी ती कुशीवर पडली. पुढच्या भरतीला ती उठली नसती, पाणी आत शिरून बुडाली असती. तेव्हा मी आत घुसून नट सोडवत बसलो आणि बाबा छातीभर चिखलात शिशाभोवतीचा गाळ उपसत राहिले. त्या दिवसापासून त्यांची कंबर सरळ झाली नाही.

शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा आमच्यात त्राण उरलं नव्हतं. आता तळाला भोकंच भोकं. ती कशाने बुजवायची, हे मला सुचत नव्हतं.

बाबांनी मुंडाशातली पुरचुंडी सोडून माझ्यापुढे केली. आत सागाच्या खुंट्या होत्या, बोल्टच्या जाडीच्या, मोजून नऊ. भोकंही नऊच होती. खुंट्या तेल पिऊन काळ्या झाल्या होत्या, म्हणजे कधीच्या तासून ठेवलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठोक," ते म्हणाले. "पाय मुंबयला लाव."